पेनसिल्व्हेनिया ते हार्पर्स फेरी: जुन्या रायफलींच्या पॅचबॉक्समागे, मामांबरोबर

अमेरिकेतल्या जुन्या ठासणीच्या रायफलींच्या लाकडी दस्त्यात, उजव्या अंगाला, पितळी झाकणाचा एक खण असतो. त्याला पॅचबॉक्स म्हणतात. शिशाची गोळी नळीच्या तोंडातून आत ठासायची, तर तिच्याखाली चरबी लावलेली कापडाची चकती ठेवतात. गोळी नळीच्या मापापेक्षा किंचित लहान ओतलेली असते. कापड ती फट भरून काढतं, नळीतल्या आट्यांना धरतं आणि गोळीला फिरकी देतं. या चकत्या ठेवायचा तो खण. काम एवढंच, पण त्या झाकणावर कारागिरांनी दोन-तीन पिढ्या जी मेहनत घेतली, ती पाहिल्यावर मला राहवेना.

माझे मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी नमुने घडवणारे. ऑक्टोबरमध्ये ते आमच्याकडे न्यू जर्सीला आले, तेव्हा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या शस्त्रदालनात एका लांब रायफलीसमोर बराच वेळ उभे राहिले. नळीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "अगं, ह्या झाकणाची बिजागरी कुठाय ते दाव मला," म्हणाले. काचेतून काही केल्या दिसेना. त्या प्रश्नामागेच आम्ही निघालो. टोपीच्या रायफलींचा काळ, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीऐवजी तांब्याच्या छोट्या टोपीतल्या दारूने बार पेटायचा तो, साधारण 1820 पासून अमेरिकेच्या यादवी युद्धापर्यंतचा, हाच मी धरला होता. पॅचबॉक्सचं रूप याच काळात सगळ्यात जास्त बदललं, आणि याच काळात तो संपलाही.

शनिवार: नाझरेथ आणि बोल्टन

एडिसनहून आय-78 ने पश्चिमेला निघालं की सव्वा तासात डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात येतो. झाडं नुकती रंगायला लागली होती. मेपल लाल, हिकरी पिवळी, ओक अजून हिरवेच. मामांनी खिडकीची काच खाली घेतली आणि थंडीने डोळ्यांत पाणी आलं तरी वर केली नाही.

नाझरेथ हे मोरेव्हियन लोकांनी वसवलेलं गाव. मध्य युरोपातून आलेला हा प्रॉटेस्टंट पंथ, 1740 मध्ये इथे आला. गावाजवळच्या क्रिश्चन्स स्प्रिंगला त्यांचं बंदुकांचं वर्कशॉप होतं. पुढे लँकेस्टरच्या हेन्री घराण्यातला मुलगा, दुसरा विल्यम हेन्री, नाझरेथला आला आणि 1812 च्या सुमारास बुशकिल ओढ्याच्या काठी बोल्टनचा कारखाना उभा राहिला. ओढ्याच्या पाण्यावर चाकं फिरायची. पिढ्यान्‌पिढ्या हेन्री तिथे बंदुका बनवत राहिले, थेट 1890 च्या दशकापर्यंत. आता त्या जागेवर जेकब्सबर्ग नावाचं राखीव जंगल आहे आणि हेन्रींच्या घराजवळ पेनसिल्व्हेनिया लाँगरायफल म्युझियम.

म्युझियम लहान आहे. जमीन पावलागणिक करकरते. आम्ही गेलो तेव्हा एक सत्तरीचे स्वयंसेवक होते. मामांचा प्रश्न मी इंग्रजीत सांगितला, तसे ते काही न बोलता आत गेले आणि पांढरे सुती हातमोजे घालून आले. कपाटातून एक रायफल काढून टेबलावरच्या फ्लॅनेलवर उताणी ठेवली. दस्त्याच्या मागच्या टोकाला पितळी पत्रा असतो. त्याच्या वरच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं एक बटण होतं, ते त्यांनी अंगठ्याने दाबलं. खट्‌ आवाज झाला आणि झाकण आपोआप बोटभर वर आलं.

मामा खुर्ची ओढून बसले.

झाकणाची मागची कड, म्हणजे खांद्याकडची, मोकळी होते. बिजागरी असते पुढच्या बाजूला, जिथे झाकण संपून वरचा नक्षीचा तुकडा सुरू होतो. झाकण, तो शिरोभाग आणि दोन्ही अंगांच्या दोन पट्ट्या मिळून चार तुकडे. बिजागरीचे दात पत्र्यातूनच कापून, तारेभोवती वळवून, मग वरून कानशीने असे सपाट केलेले की बंद झाकणावर केसाएवढी आडवी रेघ तेवढी दिसते. म्युझियममध्ये काचेतून ती दिसली नव्हती, यात नवल नाही. आत झाकणाखाली पोलादी पट्टीची स्प्रिंग. खणाच्या तळाशी मात्र काहीच साफसफाई नाही. ड्रिलने जवळजवळ भोकं पाडून मधलं लाकूड छिन्नीने उडवलंय, आणि ड्रिलच्या टोकाचे गोल खड्डे ओळीने तसेच आहेत. दोनशे वर्षांच्या चरबीने लाकूड काळं झालंय. "वरनं दिसतंय तिथं जीव ओतला, आत वेळ घालवला न्हाई. खरा कारागीर," मामा म्हणाले. मी हे भाषांतर करून सांगितलं तर स्वयंसेवक मनापासून हसले. नव्या लोकांना ते हेच शिकवतात म्हणाले. खोटी जुनी रायफल ओळखायची तर आधी झाकण उघडून तळ बघायचा. तळ गुळगुळीत आणि स्वच्छ दिसला की संशय घ्यायचा.

इथली मुख्य गोष्ट वेगळीच आहे. हेन्रींनी जॉन जेकब ॲस्टरच्या अमेरिकन फर कंपनीला रायफली पुरवल्या. बीव्हरची कातडी गोळा करणारे लोक आणि त्यांच्याशी व्यापार करणाऱ्या आदिवासी जमाती हे त्या बंदुकांचे गिऱ्हाईक. कंपनीच्या मागण्यांमध्ये नमुन्यांची नावं ठरलेली होती, त्यातलं एक 'लँकेस्टर पॅटर्न'. म्हणजे लँकेस्टरच्या कारागिरांनी हाताने घडवलेला पॅचबॉक्स इथे ऑर्डरीवर, शेकड्यांनी बनायचा. गिऱ्हाइकाला तेच पितळ हवं असायचं. मिसुरीपलीकडे बसलेल्या माणसाने लँकेस्टर कधी पाहिलेलंही नसे, पण दस्त्यावर ते झाकण नसलं तर त्याला बंदूक अस्सल वाटत नसे, असं स्वयंसेवकांनी सांगितलं. हे ऐकून मामा गप्प झाले. पॅटर्नमेकरचं आयुष्य दुसऱ्याने ठरवलेला आकार हजार वेळा उतरवण्यातच जातं.

जाणाऱ्यांसाठी: हे म्युझियम मोसमात आणि ठरावीक शनिवार-रविवारीच उघडं असतं. आधी चौकशी केल्याशिवाय गाडी काढू नका. बाहेर जंगलातली पायवाट ओढ्याकाठाने जाते, तासाभराची आहे, बूट चिखलाचे घाला. नाझरेथमध्येच मार्टिन गिटारचा कारखाना आहे, पण तो बघायचा तर आठवड्यातला कामाचा दिवस धरावा लागतो.

दुपारी एका बेकरीत मोरेव्हियन शुगर केक खाल्ला. बटाटा घातलेली मऊ कणीक, वर लोणी आणि ब्राउन शुगरचे खड्डे. मामांनी दोन तुकडे संपवले आणि संध्याकाळचं जेवण नको म्हणाले. तरी रात्री खोलीवर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी निघालीच.

रविवार: लँकेस्टर

रविवारी लँकेस्टर काउंटीत जाऊ नका असं सगळे सांगतात, कारण आमिश लोकांची, म्हणजे मोटारी टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, दुकानं, बाजार, जेवणाच्या जागा सगळं बंद असतं. मला मात्र तो दिवस आवडला. धुकं होतं, रस्त्यावर गाड्या कमी, आणि करड्या बग्ग्यांच्या रांगा प्रार्थनेला निघालेल्या. घोड्यांच्या टापांनी मामा खूश. फोटो काढू नका, त्यांना आवडत नाही, एवढं सांगितल्यावर त्यांनी फोन खिशात ठेवला.

लँडिस व्हॅली म्युझियम रविवारी दुपारी उघडतं. हेन्री आणि जॉर्ज लँडिस या दोन भावांनी आसपासच्या जर्मन शेतकऱ्यांच्या वस्तू जमवून 1925 मध्ये ते सुरू केलं. नांगर, चुली, कुलपं, रजया आणि रायफली. खरं तर अख्खा दिवस द्यावा अशी जागा आहे. मातीचा वास, सफरचंदं शिजवून केलेल्या ॲपल बटरचा वास, आणि मध्येच लोहाराचा घण.

पॅचबॉक्सची सगळ्यात प्रसिद्ध नक्षी लँकेस्टरची. शिरोभाग डेझीच्या फुलासारखा कापलेला, पाकळ्या बाहेर उमललेल्या. जेकब डिकर्ट या जर्मन कारागिराचं नाव या फुलाशी कायमचं जोडलं गेलंय. तो 1740 मध्ये जन्मला आणि 1822 मध्ये गेला. आता गंमत बघा: अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट 1807 मध्ये घेतलं होतं, आणि फिलाडेल्फियात राहणाऱ्या जोशुआ शॉ या चित्रकाराने तांब्याच्या टोपीचं अमेरिकन पेटंट घेतलं तेही 1822 मध्येच. चकमकीचा मोठा कारागीर गेला त्याच वर्षी टोपी कागदोपत्री आली.

टोपी म्हणजे आपल्या कोकणात ज्याला केप म्हणतात तीच. ठासणीच्या बंदुका सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजून आहेत, आणि मामांनी तरुणपणी सावंतवाडीकडे त्या ठासताना पाहिलेल्या. त्यामुळे त्यांना वेगळं काही समजवावं लागलं नाही. गारगोटी गेली, घोड्याच्या टोकाला खोलगट डोकं आलं, नळीच्या बाजूला निपल, म्हणजे छोटी पोकळ खुंटी, आलं, त्यावर टोपी. पावसात बंदूक फुसकी जाणं जवळजवळ थांबलं.

मला इथे एक गोष्ट जाणवली. टोपी आली म्हणून पॅचबॉक्सची गरज काही कमी झाली नाही, गोळीला चकती लागतच होती. तरी टोपीच्या रायफलींवर बघत जावं तसं झाकण लहान होत जातं, नक्षी उथळ होते, पाकळ्या मिटतात. कित्येक रायफलींवर मोठा पॅचबॉक्सच नाही, त्याच्या जागी रुपयाएवढा गोल किंवा लंबगोल कॅपबॉक्स, त्यात फक्त टोप्या. तो बऱ्याचदा ओतीव पितळेचा नाहीतर जर्मन सिल्व्हरचा, दुकानातून तयार आणून बसवलेला. मामांनी काचेपाशी नाक नेऊन ओतकामाच्या सांध्याची खूण शोधली, आणि सापडली. "हे घडवलेलं न्हाई, ओतलेलं. मागं कुठंतरी माझ्यासारखा एक पॅटर्नमेकर बसलाय." त्यांच्या आवाजात अभिमान होता. माझं मत वेगळं होतं आणि मी ते बोलून दाखवलं: कारागिराच्या हातचं झाकण गेलं, तशी गावाची ओळखही गेली. डेझी बघितली की लँकेस्टर, मेरीलँडच्या सीमेलगतच्या काही रायफलींवर शिरोभागाला घोड्याचं तोंड, आणि पश्चिमेला बेडफर्डमध्ये जाळीदार कोरलेलं पितळ. ओतीव कॅपबॉक्स कुठलाही असू शकतो. मामांना हे पटलं नाही. ओतकामात माप बिनचूक येतं, त्याचं काही नाही का, म्हणाले. संध्याकाळपर्यंत हा वाद चालू होता.

लँकेस्टरचाच हेन्री लेमन आठवला. 1812 मध्ये जन्मलेल्या या माणसाने 1834 पासून कारखाना चालवला, सरकारने आदिवासींना द्यायच्या रायफली मोठ्या संख्येने बनवल्या. चांगल्या रायफलीच्या मेपलमध्ये नैसर्गिक आडव्या लहरी असतात, ते लाकूड महाग. लेमन साध्या मेपलवर त्या लहरी रंगाने काढायचा. खोटेपणा म्हणून लोक नावं ठेवतात, पण मला त्यात गिऱ्हाइकाची भूक दिसते. ज्याला लहरी परवडत नाहीत त्यालाही त्या हव्या असतात.

जेवायला एक डायनर उघडं सापडलं. इथल्या चिकन पॉट पायला वरचं आवरणच नसतं, जाड चौकोनी शेवयांचा रस्सा असतो. मामांनी पिशवीतून कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढली. वाढणाऱ्या बाईंनी हे काय म्हणून विचारलं, चिमूटभर मागून घेतला, आणि जाताना पुडी ठेवूनच घेतली. बदल्यात शूफ्लाय पायचा मोठा तुकडा फुकट. काकवीचं सारण, वर पिठाचा भुगा, काळ्या कॉफीबरोबर अप्रतिम.

सोमवार: बेडफर्ड

हा सगळ्यात चांगला दिवस होता.

लँकेस्टरहून पश्चिमेला अडीच तास. टर्नपाइक, म्हणजे टोलचा महामार्ग, डोंगरांच्या पोटातून बोगद्यांनी जातो. गावाच्या कडेला कॉफीच्या किटलीच्या आकाराची एक दुमजली इमारत आहे, 1927 ची, लिंकन हायवेवरून जाणाऱ्यांना थांबवण्यासाठी बांधलेली. फोटो काढला आणि पुढे गेलो, कारण आम्हाला एका शेतावर जायचं होतं. तिथे एक गृहस्थ जुन्या टोपीच्या रायफली दुरुस्त करतात आणि जुन्या पद्धतीने नव्याही घडवतात. ओळखीतून वेळ मिळाली होती.

बेडफर्ड काउंटी डोंगराळ, गरीब आणि एकाकी. पूर्वेकडे कारखाने आले तरी इथे हाताने रायफल घडवणं 19 व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकलं. त्यामुळे बेडफर्डची रायफल टोपीची असूनही घडीव असते. लांबट, सडपातळ चापपाटी (घोड्याची यंत्रणा बसवलेला बाजूचा पत्रा), हाताने घडवलेला नाजूक वळणाचा घोडा, आणि दस्त्यावर पितळ चिरून केलेली जाळी. इथल्या रायफली बघून माझा लँकेस्टरमधला दावा मलाच थोडा दुरुस्त करावा लागला. टोपी आल्याने नक्षी गेली असं नाही, जिथे कारखाना पोचला तिथे गेली. मामा म्हणाले, "मी कालपास्नं तेच सांगतोय." ते काल हे सांगत नव्हते, पण मी काही बोलले नाही.

खळ्यासारख्या मोठ्या लाकडी बार्नमध्ये खिडकीपाशी काम करायचं बाक. त्यावर एक जुनी रायफल, झाकण मोडलेली. त्या गृहस्थांनी नवं झाकण बनवायला घेतलं होतं. पितळी पत्रा दीडेक मिलिमीटर जाड. आधी लालसर तापवून पाण्यात विझवायचा, म्हणजे मऊ होतो. मग लाकडाच्या खोलगट ठोकळ्यावर हातोडीने हळूहळू फुगीर करायचा, कारण दस्ता सपाट नसतो. तो एका बाजूने गोल असतो आणि मागे निमुळता. सगळी पंचाईत तिथेच. झाकण दोन दिशांनी वळलेलं, पण बिजागरीची तार मात्र सरळच हवी. म्हणून बिजागरीच्या रेषेवर पितळ सपाट ठेवायचं आणि तिथून पुढे फुगीरपणा सुरू करायचा. चांगल्या कामात हा बदल बोटालाच कळतो, डोळ्याला दिसत नाही.

त्यांनी मामांच्या हातात कानस दिली. भाषा एकमेकांची येत नाही, आणि पुढचा तासभर मला दोघांपैकी कुणीच काही विचारलं नाही. मामांनी बिजागरीच्या दातांवर खडूची भुकटी चोळली, जोडून बघितलं, जिथे खडू पुसला तिथेच एक-दोन घास मारले, पुन्हा जोडलं. ते गृहस्थ मेणबत्तीचं काजळ वापरत होते. काम तेच. शेवटी तार घातली आणि झाकण उघडझाप करून बघितलं, कुठे घासत नव्हतं. त्यांनी मामांचा हात धरून तळवा उलटा केला, घट्टे बघितले, आणि स्वतःचा तळवा शेजारी धरला.

मग बाहेर गेलो. गवत ओलं होतं, ऊन पडलं होतं. त्यांनी तागाच्या कापडाची चकती काढली, शेळीची चरबी लावली, गोळी ठासली. बार झाला तसा पांढरा धूर आमच्याच अंगावर आला. मग ते दहा-बारा पावलं पुढे जाऊन गवतात काही शोधू लागले. जळकट चकती सापडली. मध्यभागी काळी, भोवती करड्या रेघा, सूर्याच्या किरणांसारख्या, एकेक रेघ म्हणजे नळीतला एकेक आटा. कड फाटलेली नव्हती, म्हणजे कापडाची जाडी आणि चरबी दोन्ही बरोबर. कापड भोकभोक निघालं तर पातळ होतं, कड करपली तर चरबी कमी पडली. दोनशे वर्षांपूर्वीचे शिकारीही असेच चकत्या उचलून वाचत. ती चकती मामांनी मागून घेतली.

तिथेच मी माझा बरेच दिवसांचा प्रश्न विचारला. शिकाऱ्याच्या गळ्यात चामड्याची पिशवी असायची, चकत्या तिथेच हाताशी असायच्या. मग दस्त्यातला खण कशाला? ते म्हणाले, जुने खण उघडले की चकत्यांबरोबर गारगोट्या, नळी साफ करायचा पेचदार काटा, सुतळी, कधी निपल असं काहीबाही निघतं. हरवू नये ते सगळं तिथे. दक्षिणेच्या डोंगरांत तर झाकणच नाही. दस्त्यात नुसतं गोल भोक पाडायचं आणि चरबीने भरायचं, चकती त्यावर घासली की झालं. गरज तेवढ्यानेही भागते. मग एवढं पितळ का, हे त्यांनी सांगितलं नाही, रायफल उजेडाकडे धरून दाखवली.

जाणाऱ्यांसाठी: अशा कार्यशाळेत जायचं तर आधी लिहून वेळ घ्या, आणि कुठल्याही जुन्या पितळेला बोट लावण्याआधी विचारा. घामाचे डाग राहतात. जुनी रायफल कुणाच्या घरात असेल तर ब्रासो लावून चमकवू नका. तो काळपट थर काढला की तिचं वय आणि किंमत दोन्ही जातात.

मंगळवार: हेगर्सटाउन आणि हार्पर्स फेरी

पहाटे पाऊस. ब्रीझवुडवरून आय-70 ने खाली मेरीलँडात उतरलो. हेगर्सटाउनला फक्त चहापुरते थांबलो, पण थांबलो ते कारणाने. रॉकी पर्वतातल्या शिकाऱ्यांची सगळ्यात नावाजलेली टोपीची रायफल म्हणजे हॉकन. ती बनवणारे जेकब आणि सॅम्युएल हे भाऊ याच गावच्या ख्रिश्चन हॉकन या बंदूककाराचे मुलगे. दोघं पुढे सेंट लुईसला गेले. जेकब 1849 च्या कॉलऱ्यात वारला. सुरुवातीच्या काही हॉकनवर पॅचबॉक्स दिसतो, पण जी पहाडी रायफल प्रसिद्ध झाली तिच्यावर तो बहुतेक नाहीच. आखूड जाड नळी, लोखंडी जोडकाम, दस्ता साधा. महिनोन्‌महिने घोड्यावर, बर्फात, एकट्याने राहणाऱ्याला मोडेल असं काही नको होतं. बापाच्या गावात पितळी फुलं उमलत होती आणि मुलांनी ती सोडून दिली, कारण गिऱ्हाईक बदललं होतं. मामांनी चहा संपवता संपवता मान डोलावली.

हार्पर्स फेरीला पोचेपर्यंत पाऊस थांबला. पोटोमॅक आणि शेनान्डोआ या नद्या जिथे मिळतात तिथे हे गाव, तीन बाजूंनी डोंगर. गाडी वर पार्किंगला ठेवून पार्कच्या बसने खाली यायचं, गावात गाडी लावायला जागा जवळजवळ नाही. थालीपीठं बरोबर होती, ती संगमाच्या टोकावर बसून खाल्ली. दोन नद्यांचे दोन रंग दिसत होते, एक गढूळ, एक हिरवट. इथेच ऑक्टोबर 1859 मध्ये जॉन ब्राउनने गुलामगिरीविरुद्ध उठाव करायला सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. ज्या इंजिनघरात तो अडकला ते अजून आहे.

त्याच शस्त्रागारात 1841 चा नमुना बनायचा, सैन्याची पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली टोपीची रायफल. नळी 33 इंची, .54 कॅलिबर. इथे पंचवीस हजारांच्या आसपास बनल्या. शिवाय रेमिंग्टन, फिलाडेल्फियाचा ट्रायन, न्यू हेवनचा व्हिटनी आणि व्हरमाँटचे रॉबिन्स-लॉरेन्स यांनी कंत्राटावर. फेब्रुवारी 1847 मध्ये मेक्सिकोतल्या बुएना व्हिस्ताच्या लढाईत जेफरसन डेव्हिसच्या मिसिसिपी रेजिमेंटने त्या वापरल्या, तेव्हापासून तिला मिसिसिपी रायफल म्हणतात.

तिचा पॅचबॉक्स मोठा आहे. नागरी रायफलींवर तो आक्रसत असताना सैन्याने तो ठसठशीत ठेवला, पण फूल नाही, घोड्याचं तोंड नाही, जाळी नाही. एक जाड, सलग पितळी झाकण, कडा गोल. आत खण नीट कोरलेला. ड्रिलचे खड्डे नाहीत, कारण तो खण यंत्राने कोरलेला. चकत्यांची आणि हत्याराची जागा वेगळी, आणि बाजूला एक गोल भोक, जास्तीचं निपल उभं ठेवण्यासाठी. लढाईत निपल फुटलं किंवा कोंबलं गेलं तर शिपायाने झाकण उघडायचं, हत्यार घ्यायचं, बदलायचं. प्रत्येक झाकणाखाली तेच, तिथेच. बोल्टनला मामांना जो कच्चा तळ आवडला होता, त्याच्या बरोबर उलटं हे. आणि मामांनाच हे जास्त आवडलं. "आतला भागबी बाहेरच्याइतका विचार करून केलाय," म्हणाले. मला अजून बेडफर्डची जाळी प्रिय आहे, पण त्या निपलच्या भोकापुढे माझा मुद्दा थोडा लंगडा पडला, हे खरं.

मग 1855 आलं. डेव्हिस तेव्हा युद्धमंत्री होता. सैन्याने मिनिए गोळी घेतली. ही लांबट, बुडाशी पोकळ असते. बार झाला की बूड फुगून आट्यांना धरतं. कापडाची चकती लागतच नाही. तरी 1855 च्या नमुन्यातल्या रायफलीला पॅचबॉक्स आहे, आणि त्याच नमुन्याच्या लांब मस्केटलाही तो काही वर्षांनी बसवला. पितळेऐवजी लोखंड आलं, आत सटरफटर सामान. पॅच गेला होता, बॉक्स राहिला होता.

एप्रिल 1861 मध्ये यादवी युद्ध सुरू होताच संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैनिकांनी माघार घेताना शस्त्रागार पेटवलं. वाचलेली यंत्रं दक्षिणेने उचलून रिचमंड आणि फेएटव्हिलला नेली. उत्तरेत स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागाराने त्याच वर्षी नवा नमुना काढला. तो लाखांनी बनला आणि यादवीतला मुख्य मस्केट ठरला. त्याचा दस्ता कोरा आहे. खण कोरणं, झाकण, बिजागरी, स्प्रिंग, स्क्रू, हे सगळं वाचलं आणि तेवढ्यात आणखी बंदुका बनल्या.

पार्कच्या इंडस्ट्री म्युझियममध्ये जुन्या पद्धतीची यंत्रं आहेत. पट्ट्यांवर चालणारी, दस्त्याचा आकार एका नमुन्यावरून लाकडात उतरवणारी. एका रेंजर बाई यंत्र चालवून दाखवत होत्या. मामा सगळ्यात पुढे. नमुन्यावरून फिरणारं चाक आणि लाकूड कापणारं चाक एकाच गतीने जाताना त्यांनी बघितलं, आणि यंत्र थांबल्यावर मला म्हणाले, "विचार त्यांना, नमुना लोखंडाचा हाय का लाकडाचा? आणि झिजला की कोण दुरुस्त करायचं?" मी विचारलं. नमुना लोखंडी, बाई म्हणाल्या, आणि झिजलेला नमुना दुरुस्त करायला इथे वेगळा माणूस असायचा, त्याला साध्या कामगारापेक्षा पगार जास्त. मामांनी तिथल्या तिथे खिशातून छोटी वही काढली आणि त्या यंत्राचं चित्र काढायला सुरुवात केली. परतीची बस आम्ही दोनदा सोडली.